पन्नास वर्षांची कैद

युद्ध संपले की कैद्यांची सुटका होते, ते आपापल्या घरी परततात आणि इतिहासाचे पान उलटले जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शाळेच्या पुस्तकांत तहाची तारीख दिलेली असते. तहानंतर त्या माणसांच्या रात्री कशा गेल्या, हे कोठेच दिलेले नसते. ज्यांच्या घरात असा परतलेला माणूस वावरला आहे त्यांनाच ठाऊक असते, की तुरुंगाचे दार उघडल्यावरही काही कैदी पुष्कळ काळ आतच राहतात. अशाच एका कैद्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हे गृहस्थ आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हेत, आमच्या देशाचेही नव्हेत. तरीही प्रायश्चित्तकाळ जवळ आला आणि क्षमेवरील प्रवचनाची टिपणे काढावयास आम्ही बसलो, की ते आमच्या मेजापाशी येऊन उभे राहतात आणि आमची लेखणी जपून चालू लागते.

एरिक लोमॅक्स हे त्यांचे नाव. १९१९ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. मुलांना पतंगांचा, चेंडूफळीचा नाद असतो, तसा ह्या मुलाला आगगाड्यांचा नाद होता. वाफेची इंजिने पाहण्यासाठी तो तासन्‌तास पुलावर उभा राही. कोणते इंजिन कोणत्या कारखान्यात घडले, कोणत्या मार्गावर धावते, हे त्याला पाठ असे. सोळाव्या वर्षी तो टपाल खात्यात लागला, तारायंत्राचे काम शिकला आणि १९३९ साली, युद्ध सुरू होण्यापूर्वीच, सैन्याच्या संदेशवहन दलात दाखल झाला. पुढे त्याच रेल्वेने त्याचे आयुष्य चिरडावे, हा योग कोणा कादंबरीकाराने जुळवून आणला असता, तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. शरण आलेल्या हजारो सैनिकांत बावीस वर्षांचे लोमॅक्स होते. ह्या कैद्यांना चांगी येथील छावणीत नेण्यात आले, आणि पुढे त्यांतील कित्येकांची रवानगी सयाम व ब्रह्मदेश जोडणारा लोहमार्ग बांधण्याच्या कामावर झाली. सुमारे ४१५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग डोंगर फोडून, जंगल तोडून, मुसळधार पावसात, कॉलरा आणि हिवतापाच्या साथींत बांधला गेला. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याची दोन टोके जुळली. साठ हजारांहून अधिक युद्धकैदी तेथे राबले. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मेले. ज्यांची गणना कोणी नीट ठेवलीच नाही, असे आशियाई मजूर त्यांच्याहून कितीतरी अधिक होते. ब्रह्मी, मलायी, जावामधील, आणि मलायाच्या रबराच्या मळ्यांतून आणलेले आपले तमिळ बांधव. त्यांच्यांतील मृतांचा आकडा ऐंशी-नव्वद हजारांच्या आसपास असावा, असे अभ्यासक सांगतात. क्वाय नदीवरील पुलाचा १९५७ सालचा इंग्रजी चित्रपट आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील शीळ घालीत चालणारे धडधाकट सैनिक मनातून काढून टाकावेत, एवढीच विनंती.

लोमॅक्स कांचनाबुरी येथील रेल्वेच्या कार्यशाळेत कामाला होते. त्यांच्या गटातील एका तंत्रज्ञाने चोरून मिळविलेल्या सुट्या भागांतून लहानसा रेडिओ तयार केला. रात्री कानाला लावून ही मंडळी दिल्लीच्या आकाशवाणीवरून प्रक्षेपित होणाऱ्या इंग्रजी बातम्या ऐकत असत आणि दुसऱ्या दिवशी त्या छावणीभर कुजबुजत्या स्वरात पसरत. त्या बातम्यांत काय होते ह्याला तितकेसे महत्त्व नव्हते. जग अद्याप जागेवर आहे आणि त्या जगाला आपला आवाज ठाऊक नसला तरी आपल्याला त्याचा आवाज ऐकू येतो, हेच त्या अन्नान्न झालेल्या माणसांचे अन्न होते. ऑगस्ट १९४३ मध्ये झडती झाली आणि रेडिओ सापडला. लोमॅक्स ह्यांनी रेल्वेच्या जुन्या प्रेमापोटी त्या मार्गाचा एक नकाशाही काढून लपविला होता. तोही सापडला.

त्यानंतर जे घडले ते आम्ही थोडक्यात सांगतो; विस्ताराने सांगण्यात काही पुण्य नाही. कुदळीच्या दांड्यांनी त्या अधिकाऱ्यांना एकेक करून इतके मारण्यात आले की त्यांपैकी दोघे दगावले. लोमॅक्स ह्यांचे दोन्ही हात मोडले. मग जपानी लष्करी पोलिसांनी, ज्यांना केंपेताई म्हणत, त्यांना माणसाला नीट आडवेही होता येऊ नये अशा पिंजऱ्यात कोंडले आणि दिवसचे दिवस त्यांची चौकशी चालविली. नकाशा कशासाठी? बातम्या कोणाला पुरवीत होता? बाहेरचे हस्तक कोण? उत्तर समाधानकारक न वाटल्यास त्यांना बाकावर बांधून नाकातोंडात रबरी नळीने पाणी सोडले जाई. चौकशी करणारा अधिकारी जपानी बोले. त्याचे प्रश्न इंग्रजीत सांगणारा एक किरकोळ अंगाचा तरुण दुभाष्या शेजारी बसलेला असे. त्याने लोमॅक्स ह्यांच्या अंगाला बोटही लावले नाही. परंतु तो एकसुरी, न थकणारा, तेच तेच विचारणारा आवाज एवढाच त्या काळकोठडीतला लोमॅक्स ह्यांना कळणारा आवाज होता. पुढील पन्नास वर्षे त्यांच्या द्वेषाला जो चेहरा मिळाला, तो मारणाऱ्यांचा नव्हता, ह्या दुभाष्याचा होता. मानवी मनाची ही गती विचार करण्याजोगी आहे. हात विसरले जातात, शब्द राहतात.

नोव्हेंबर १९४३ मध्ये बँकॉक येथे लष्करी न्यायालयापुढे उभे करून त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि सिंगापूरच्या आउट्रम रोड तुरुंगात धाडण्यात आले. तेथे बोलण्यास मनाई होती. उपासमार, खरूज, दुर्गंधी आणि संपूर्ण मौन. तेथून जिवंत बाहेर पडण्याचा एकच मार्ग होता, मरणासन्न होऊन चांगीच्या कैद्यांच्या रुग्णालयात पोहोचणे. लोमॅक्स ह्यांनी आजाराचे सोंग वाढवून तो साधला, आणि सोंगात फार भर घालावी लागावी अशी त्यांची प्रकृती नव्हतीच.

चांगीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. आमच्या वाचकांना ते आवडेल. ह्याच चांगीच्या छावणीत १९४२ साली स्टॅन्ली वॉरेन नावाचा एक आजारी कैदी होता. तेथील रुग्णालयाजवळ कैद्यांनी संत लूक ह्यांच्या नावाने छोटे प्रार्थनामंदिर केले होते. वॉरेनने त्याच्या भिंतींवर प्रभूच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे काढली. रंग कोठून आणावयाचे? सोबत्यांनी कोठून तरी लष्करी तपकिरी रंग, थोडा लाल, थोडा पांढरा मिळविला, आणि निळ्यासाठी बिलियर्डच्या काठीला लावण्याचे खडू कुटण्यात आले. क्रूसारोहणाच्या चित्रात क्रूस उभा करणारे गुलाम त्याने काढले, त्यांच्या कमरेला कैद्यांच्या असते तसलीच लंगोटी आहे. आणि चित्राखाली आपल्या मारेकऱ्यांसाठी प्रभूने पित्याजवळ केलेली विनवणी लिहिलेली आहे. युद्धानंतर ह्या चित्रांवर चुन्याचा हात फिरला, पुढे ती पुन्हा उजेडात आली, आणि १९५९ साली चित्रकाराचा शोध लागला तेव्हा तो लंडनमध्ये मुलांना चित्रकला शिकवीत होता. चित्रे दुरुस्त करण्यासाठी तेथे परत जावयास तो प्रथम राजी होईना. त्या आठवणी मागे टाकण्याची त्याची धडपड होती. मात्र १९६३ साली तो गेला, आणि नंतर आणखी दोन वेळा गेला. भिंतीवर क्षमेची प्रार्थना लिहिणाऱ्या मनुष्यालादेखील त्या भिंतीपुढे पुन्हा उभे राहण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट आम्ही लक्षात ठेवली आहे.

लोमॅक्स १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये घरी परतले. घरी आई नव्हती. सिंगापूर पडल्यानंतर महिन्याभरातच, मुलगा जिवंत आहे की मेला हे न कळताच तिने डोळे मिटले होते. वडिलांनी दुसरा विवाह केला होता. वाट पाहत राहिली होती ती वाग्दत्त वधू. परतल्यावर अवघ्या काही आठवड्यांत त्यांचा विवाह झाला. युद्धानंतरच्या त्या दिवसांत कैदेबद्दल कोणी विचारीत नसे, आणि विचारले तरी ऐकून घेण्याची कोणाची तयारी नसे. घरच्यांनीही रेशन, टंचाई, बाँबहल्ले सोसले होते. 'झाले गेले विसरून जा' हा उपदेश सर्व भाषांत उपलब्ध आहे. लोमॅक्स ह्यांनी तो पाळला, म्हणजे तोंड बंद केले. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानामध्ये, त्यांनी काही वर्षे रेल्वेच्याच कामात काढली. पुढे ते स्कॉटलंडमधील एका विद्यापीठात अध्यापक झाले. बाहेरून पाहणाऱ्याला व्यवस्थित, अबोल, थोडा शिष्ट गृहस्थ दिसे. रात्री स्वप्नात आउट्रम रोडची कोठडी येई. तेथे त्यांना सगळे विसरून गेलेले असत. दिवसा कोणी अधिकारवाणीने चार प्रश्न विचारले, तर ते थिजून जात किंवा संतापाने थरथरत. त्यांचा पहिला संसार अखेर मोडला. कांचनाबुरीत त्यांना झालेल्या माराचे वळ एका स्त्रीने आणि तिच्या मुलींनी पुढे कित्येक वर्षे सोसले, असेच म्हणावयास हवे. मात्र त्यांच्या वळांवर कोणत्याही न्यायालयात सुनावणी झाली नाही.

अशा मनोवस्थेला आज आघातोत्तर ताणविकार असे नाव आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली ते आपल्या अधिकृत यादीत नोंदविले. तोपर्यंत ह्या मंडळींना चिडखोर, घुमे, कमकुवत, अशी बिरुदे मिळत. आपल्या गावांतून तर अजूनही मिळतात.

आमच्या धर्मगुरुपदाच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे सैन्यातून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ होते. १९६२ च्या युद्धात चीनच्या ताब्यात सापडलेल्या आपल्या हजारो जवानांपैकी ते एक; काही महिने तिबेटातील छावणीत काढून १९६३ साली परतले होते. रविवारच्या मिस्साला ते न चुकता येत, परंतु बाकावर बसत नसत. शेवटच्या खांबाजवळ, दाराकडे तोंड करता येईल असे उभे राहत. ज्येष्ठांपैकी कोणीतरी आम्हांस आल्याआल्याच सांगितले होते, "फादर, त्यांना पुढे बोलावू नका, ते तसेच आहेत." त्यांच्या पत्नीकडून पुढे कळले, की रात्रीच्या जेवणातली अर्धी भाकरी ते फडक्यात बांधून उशाशी ठेवतात. लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून. "सासूबाई म्हणायच्या, मुलगा खुळा होऊन आला," काकी सांगत होत्या. "मी कधी विचारलं नाही, फादर. विचारलं की ते उठून वाडीत जायचे."

एका दुपारी आम्ही घरभेटीस गेलो असता पावसाने अडकून पडलो. आम्ही काही विचारले नव्हते. छपरावर पावसाचा आवाज चालू होता, आणि ते एकाएकी थंडीविषयी बोलू लागले. तिकडची थंडी कशी असते, पायांची बोटे कशी काळी पडतात, शेजारी झोपलेला सोबती सकाळी हलवून उठत नाही तेव्हा त्याच्या अंगावरचे पांघरूण आपण किती लवकर ओढून घेतो. दोन तास ते बोलत होते. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चुलीवरचे दूध उतू गेले तरी त्या हलल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा अंगणापर्यंत पोहोचवायला त्या आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, फादर. आज ऐकलं." पुढे ते गृहस्थ मिस्साला बाकावर बसू लागले. भाकरीचे फडके मात्र शेवटपर्यंत उशाशी राहिले.

लोमॅक्स ह्यांच्या आयुष्यात ती पावसाळी दुपार यावयास चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. १९८० साली आगगाडीतच (अन्य कोठे?) पॅट्रिशिया नावाच्या स्त्रीशी त्यांची ओळख झाली, १९८३ मध्ये त्यांनी विवाह केला. ह्या बाईंनी थोड्याच दिवसांत ओळखले, की आपल्या घरात तिसरे कोणीतरी राहते आहे. त्यांनी हट्ट धरला, शोध घेतला आणि अखेर नवऱ्याला लंडन येथील छळग्रस्तांच्या उपचारासाठी असलेल्या एका संस्थेत नेले. १९८५ साली ही संस्था स्थापन करणाऱ्या हेलेन बँबर तरुणपणी, युद्ध संपताच, बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांमध्ये काम करीत होत्या. तेथे बँबरबाईंचा मुख्य उपचार म्हणजे ऐकणे. हाडांचे सापळे झालेली माणसे त्यांना आपली कथा सांगत, पुन्हा सांगत, आणि त्या ऐकत. लोमॅक्स ह्यांच्या मनावर त्यांची पहिली छाप पडली ती ही, की ह्या बाईंना घाई नाही. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी प्रश्नांनी फोडलेल्या मनुष्याला, उत्तराची घाई नसलेला श्रोता प्रथमच भेटत होता.

येथे आम्हां धर्मगुरूंच्या विचाराचा एक मुद्दा आहे. लोमॅक्स ह्यांची कथा प्रवचनात सांगावयास अडचणीची आहे. त्याहून सोयीची कथा लुई झँपरिनी ह्या अमेरिकन धावपटूची. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो धावला. युद्धात विमान समुद्रात कोसळल्यावर ४७ दिवस तराफ्यावर तरंगला. जपानी छावण्यांत अमानुष छळ सोसून परतला आणि दारूच्या व दुःस्वप्नांच्या आहारी गेला. १९४९ साली लॉस एंजेलिस येथे बिली ग्रॅहम ह्यांच्या सभेत त्याचे हृदयपरिवर्तन झाले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ती दुःस्वप्ने त्या रात्रीपासून थांबली आणि पुढील वर्षी टोकियोच्या तुरुंगात जाऊन त्याने आपल्या जुन्या पहारेकऱ्यांची भेट घेतली. ही साक्ष खरी आहे आणि तिच्याबद्दल देवाचे आभारच मानावयाचे. पण एका रात्रीत मिळालेले दान हे सर्वांना लागू पडणारे औषधपत्र होत नाही. ज्यांची दुःस्वप्ने थांबत नाहीत, ते ही कथा ऐकून घरी जातात आणि आपली श्रद्धाच उणी आहे, असे मनाशी ठरवितात. आधीच्या ओझ्यावर हे आणखी एक. पापनिवेदनाच्या बाकावर असे आवाज आम्ही पुष्कळ ऐकले आहेत.

आता त्या दुभाष्याकडे वळू. त्याचे नाव नागासे ताकाशी. युद्ध संपल्यावर, मृत कैद्यांच्या कबरी शोधणाऱ्या दोस्तांच्या पथकाबरोबर त्याला दुभाष्या म्हणून लोहमार्गाच्या कडेकडेने फिरावे लागले. जंगलात एकेक दफनभूमी उकलत गेली आणि हजारो कबरी त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. आपण कशात सहभागी होतो हे त्याला तेथे कळले. पुढे नागासे जपानमधील कुराशिकी येथे इंग्रजी शिकवीत राहिले. परंतु बाकावर बांधलेला एक उंच इंग्रज कैदी आणि त्याच्या नाकातोंडात जाणारे पाणी त्यांच्याही स्वप्नांत येत राहिले. ते थायलंडला जाऊ लागले, एकदोनदा नव्हे, आयुष्यात शंभराहून अधिक वेळा. पुलाजवळ त्यांनी शांतीसाठी एक बौद्ध मंदिर उभारले, जपानी सैन्यवादाविरुद्ध आपल्या देशात उघडपणे लिहिले. स्वदेशी अनेकांना ते रुचले नाही.

१९८९ साली एका जुन्या सोबत्याने लोमॅक्स ह्यांच्या हाती जपानी इंग्रजी वृत्तपत्राचे एक कात्रण ठेवले. त्यात छायाचित्र होते. चाळीसहून अधिक वर्षे उलटली तरी तो चेहरा त्यांनी ओळखला. त्यांना प्रथम आनंद झाला तो शत्रू सापडल्याचा. त्याला इजा करण्याचे विचार त्यांच्या मनात आले, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले. मग नागासे ह्यांचे छोटे आत्मकथन इंग्रजीत आले. त्यात त्या छळाचे वर्णन होते, आणि असेही होते की कांचनाबुरीच्या दफनभूमीत प्रार्थना करीत असता आपणांस क्षमा लाभल्याची भावना झाली.

हे वाचून पॅट्रिशियाबाई संतापल्या. क्षमा लाभली? कोणाकडून? ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला तो तर ह्या घरात, शेजारच्या खोलीत, रात्री ओरडत उठतो आहे. १९९१ साली त्यांनी नागासे ह्यांना पत्र लिहिले आणि विचारले, की ह्या एका कैद्याने अद्याप तुम्हांला क्षमा केलेली नसताना तुम्हांला क्षमा लाभल्याचे कसे वाटू शकते?

ह्या बाईंनी ईशज्ञानाचा अभ्यास केला होता की नाही, आम्हांस ठाऊक नाही. आम्ही सेमिनरीत सात-आठ वर्षे तो केला, आणि एवढा नेमका प्रश्न आम्हांस कोणी घातला नव्हता. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या मनुष्याला अर्पण तेथेच ठेवून आधी आपल्या भावाकडे जावयास सांगितले आहे. वेदी पळून जात नाही. भाऊ मात्र मरून जाऊ शकतो. देवाकडून क्षमा मिळवून घरी परतणे आणि दुखावलेल्या शेजाऱ्याच्या दारावरून मान खाली घालून निघून जाणे, हा प्रकार आपल्या आळीआळींतून नित्य चालतो. बांधाच्या भांडणात, वाटणीच्या भांडणात. नागासे ह्यांचा पश्चात्ताप खोटा नव्हता. तो एका दाराशी येऊन थांबला होता, इतकेच.

त्यांनी उत्तर पाठविले. त्या पत्राने आपल्या काळजात सुरी खुपसल्यासारखे झाले, असे त्यांनी कबूल केले. समर्थन केले नाही. ते पत्र वाचल्यावर पॅट्रिशियाबाईंचा राग ओसरला आणि लोमॅक्स ह्यांना प्रथमच वाटले, की ह्या मनुष्याला भेटता येईल.

मार्च १९९३ मध्ये ते भेटले, कांचनाबुरीलाच, त्या पुलाजवळ. आपण नागासे ह्यांना आधी पाहावे आणि मग त्यांनी आपल्याला, अशी लोमॅक्स ह्यांची इच्छा होती. एकेकाळी पाहण्याचा अधिकार फक्त समोरच्याला होता. उंच, पंचाहत्तरीला टेकलेला स्कॉटिश मनुष्य आणि त्याच्या खांद्यालाही न लागणारा वृद्ध जपानी. नागासे वाकून वाकून अभिवादन करीत होते, थरथरत होते, रडत होते, पुनःपुन्हा क्षमा मागत होते. आणि झाले असे, की लोमॅक्स ह्यांनाच त्यांना हाताला धरून बसवावे लागले, त्यांची समजूत काढावी लागली. त्या दिवशी लोमॅक्स ह्यांनी क्षमेचा शब्द उच्चारला नाही. दोघे वृद्ध त्या परिसरात हिंडले, जुन्या खुणा शोधत राहिले, काही वेळा चक्क हसलेसुद्धा. नंतर लोमॅक्स पतिपत्नी जपानला गेले. चेरीचा बहर होता. तेथेही दिवस जात होते, आणि तो शब्द अद्याप दिलेला नव्हता.

अखेर टोकियोमधील एका हॉटेलच्या खोलीत लोमॅक्स ह्यांनी नागासे ह्यांना एकांतात गाठले आणि एक पत्र वाचून दाखवून त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी आधी लिहून ठेवले होते. १९४३ साली कांचनाबुरीत जे घडले ते आपण विसरू शकत नाही, आणि तरी आपण पूर्ण क्षमा करीत आहोत, असा त्याचा आशय होता.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात तीन दिवसांच्या प्रवचनमालेनंतर एक मध्यमवयीन भगिनी आमच्याजवळ आली. मंदिरात दिवे मालवले जात होते. तिने विचारले, "फादर, मला ते विसरता येत नाही. म्हणजे मी क्षमा केलीच नाही, असं होतं का?" 'ते' म्हणजे काय हे तिने सांगितले नाही. आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक ह्या टोकियोच्या पत्राची. दुसरी योसेफाची, ज्याला भावांनी विकले आणि जो मिसर देशात बंदिवासात पडला. त्याला पहिला मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचे नाव मनश्शे ठेवले, कारण देवाने आपल्याला सारे कष्ट आणि पित्याचे घर विसरावयास लावले, असे त्याला वाटले. पण दुष्काळात भाऊ समोर येऊन उभे राहताच त्याला सर्व आठवले. विसर पडलेलाच नव्हता. त्याने त्यांना लगेच मिठी मारली नाही. ओळख दाखवली नाही, त्यांची परीक्षा पाहिली, आत जाऊन रडून आला, पुन्हा बाहेर आला. बऱ्याच काळाने सर्व चाकरांना बाहेर घालवून, दार लावून, तो त्यांच्यापुढे मोठ्याने रडला आणि म्हणाला, मी योसेफ, ज्याला तुम्ही विकले. विक्रीचा उल्लेख त्याने गाळला नाही. ती भगिनी बराच वेळ गप्प उभी होती. मग तिने विचारले, "त्याला किती वर्षं लागली, फादर?" आम्ही म्हणालो, वीसहून अधिक. तिच्या चेहऱ्यावर काहीसे हायसे वाटल्याचे दिसले.

लोमॅक्स ह्यांनी आपली कहाणी पुस्तकरूपाने १९९५ साली प्रसिद्ध केली. इंग्लंडात तिचा गौरव झाला. नागासे आणि ते अखेरपर्यंत मित्र राहिले. २०११ मध्ये नागासे गेले, ऑक्टोबर २०१२ मध्ये लोमॅक्स. दोघांनीही त्र्याण्णव वर्षांचे आयुष्य भोगले. २०१३ साली त्या पुस्तकावरून निघालेला चित्रपट सुरेख आहे, मात्र त्यात लोमॅक्स ह्यांच्या पहिल्या संसाराला जागा मिळालेली नाही. चित्रपटांना दोन तासांत आटपावे लागते.

कांचनाबुरीच्या रेल्वे स्थानकापासून जवळच युद्धकैद्यांची दफनभूमी आहे. सुमारे सात हजार कबरी, हिरवळ कातरलेली, प्रत्येक नावाभोवती फुलझाडे लावलेली. पाश्चात्त्य प्रवासी तेथे फुले ठेवतात, वृद्ध जपानी प्रवासी वाकून उभे राहतात. त्याच लोहमार्गावर मेलेल्या तमिळ, ब्रह्मी, मलायी मजुरांपैकी बहुतेकांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत. त्यांच्या बायकामुलांना कोणी पत्र लिहिले नाही, आणि त्यांच्या वतीने क्षमा करावी की न करावी, हे ठरविण्यासाठी टोकियोच्या खोलीत कोणी बसलेले नव्हते.